शनिवारचं पत्रक

कोकिळाताई म्हणाल्या, पत्रकाच्या सुरुवातीला
चार ओळी प्रेरणेच्या टाकत जा.

प्रेरणा नावाची एक मुलगी होती आमच्या वर्गात.
सहावीची चाचणी झाली आणि ती पुन्हा दिसली नाही.
बाकात तिची कंपासपेटी राहिली, झाकण वाकलेली.
त्या शब्दाबद्दल मला एवढंच ठाऊक आहे.
म्हणून या आठवड्यालाही थेट बातम्या.

दोंडाईच्यात मिरची आली आहे.
पथारींवरून वारा गल्लीत वळला
की वाचन थांबतं, चौदाजणी एकदम शिंकतात.
गेल्या खेपेला नायिका पिशवी घेऊन निघाली
नेमकं तेव्हाच सगळ्यांचे डोळे भरून आले.
कोणाला झोंबलं, कोण रडलं,
कुणी कुणाला विचारलं नाही.
मिरचीचे हे उपकार नोंदवून ठेवते.

मंदोदरी शिंपी यांच्या चष्म्याची काडी तुटली.
काजाच्या दोऱ्याने कानाला बांधून
त्यांनी तीस पानं संपवली, दोन ब्लाउज राहिले.
गिऱ्हाइकांनी सोमवारी यावं.

शहनाज पिंजारी पुस्तक गव्हाच्या कोठीत ठेवतात.
लपवत नाही, म्हणतात, पोरं फाडतात.
बरं, म्हणतो आम्ही.
त्यांच्यानंतर ज्या घरी पुस्तक जातं
तिथे उघडताच मांडीवर चार दाणे पडतात.

न वाचता येणारीला दंड दोन रुपये.
आजवर जमा अठ्ठावीस.
त्यातले बावीस माझे आहेत, हेही लिहिते.

आता मुख्य बातमी.
हरवलेलं पुस्तक सापडलं.
कोकिळाताईंच्या लेकीच्या बॅगेतून,
शेवयांच्या पुड्याखाली दबून,
तापी ओलांडून ते थाळनेरला गेलं होतं.
तीन आठवडे सासुरवास करून परवा एसटीने परतलं.
कंडक्टरने हातात दिलं आणि विचारलं, परीक्षेचं आहे का?

आमच्या पेन्सिलीच्या खुणा जागच्या जागी आहेत.
रत्नप्रभाची टिंबं. माझी प्रश्नचिन्हं.
हिरकणबाईंनी कडेला मांडलेला दुधाचा हिशोब.
पण त्यांच्या शेजारी आता
हिरव्या शाईत कुणीतरी बोललं आहे.

पान बासष्ट: हे खोटं नाही.
पान नव्वद: आमच्याकडेही.
आणि पान एकशे अठरा,
जिथे आई आतून कडी काढत नाही,
तिथे ओळीवर ओळ चढलेल्या अक्षरात:
माय वं, दार उघाड.

लेकीला फोन लावला.
ती म्हणाली, घरात सासू, चुलत सासू, जाऊ,
आणि भांडी घासायला येते ती एक.
हिरवा पेन मी कुणाच्याच हातात पाहिला नाही.
मग आवाज खाली आणून म्हणाली,
विचारू नका ना कुणाला.

नाही विचारणार.
रात्री मात्र त्या कंपासपेटीत काय काय होतं
ते आठवत बसले.
कर्कटक होतं. खोडरबराचा तुकडा होता.
पेन होता की नव्हता, आठवत नाही.
उगाच आपलं.

ठराव झाला तो असा:
हिरवं काही खोडायचं नाही.
पुढचं पुस्तक आधी थाळनेरला जाईल,
आपल्या खुणा पडण्याआधी, कोरं.
पुन्हा शेवयांखालून.
सूचक शहनाज. अनुमोदन सगळ्यांचं,
हिरकणबाईंनी तर दोन्ही हात वर केले.

हजेरीच्या वहीत पंधरावी ओळ आखली आहे.
नाव लिहिलेलं नाही.
दंड तिला लागू नाही.

पुढची बैठक रत्नप्रभा कासार यांच्या ओट्यावर,
दुपारी तीनला, नळ येऊन गेल्यावर.
फुणके-कढी आहे. वाटी आपापली आणावी.
रुमालही आणावा.
वारा पथारीकडूनच आहे अजून.