मधली रेघ

हिंगणघाटच्या रस्त्याला मार्ट उघडलं
तेव्हापासून माझ्याकडे एक वही आहे.
डावीकडे कंपनीचा माल, उजवीकडे मार्टचा,
मधल्या रेघेवर फरक, रुपयांत.

मीठ : नऊ.
समुद्र मी पाहिला नाही,
पण मिठासाठी दोन वेगळे समुद्र असतील
असं वाटत नाही.

कपड्यांचा साबण : सहा.
मार्टची वडी सव्वीस दिवस पुरली, कंपनीची चौतीस.
इथे मार्ट हरलं. तसंच लिहून ठेवलं,
वहीशी खोटं कशाला बोलायचं.

चहा : चाळीस.
देवानंदसमोर दोन कप ठेवले,
एकाच्या बुडाला खडूची फुली.
हा प्याला, तो प्याला, मिशी पुसली, म्हणाला,
"तिसरा टाक, मंग सांगतो."
निकाल राखून ठेवलाय.

तुरीच्या डाळीची परीक्षा मी घेतलीच नाही.
मी दालमिलमध्ये पिशव्यांची तोंडं शिवते.
सकाळी सोनहंस : चकचकीत पिशवी,
पंख पसरलेला पक्षी, सोनेरी कडा.
जेवणाचा भोंगा होतो,
आम्ही बाया कडुनिंबाखाली डबे सोडतो,
ठेचा इकडून तिकडे फिरतो,
हात धुऊन परत येईस्तोवर
मारोतरावांनी रोल बदललेला असतो.
आता पांढरी पिशवी, निळी अक्षरं. पक्षी नाही.
चाळणी तीच, कोठी तीच,
वरून कोसळणारा तो पिवळा आवाज तोच.
एकदा भोंग्याच्या वेळी नळीत ओंजळभर डाळ अडकून राहिली.
जेवणाआधी ती एकवीस रुपयांनी महाग होती.

बिस्किटं : पाच.
हे पान पीयूषनं बिघडवलं.
"आई, मधल्या सुट्टीत सारे पुड्याकडे पायतात."
मग मी कंपनीचा रिकामा पुडा जपून ठेवला,
त्यात मार्टची बिस्किटं सरकवली,
तोंड मेणबत्तीवर हलकंच चिकटवलं.
पिशव्या बंद करायची सवय हाताला आहेच.
चार दिवस गेले.
पाचव्या दिवशी पोरानं दप्तरातून पुडा काढला,
चारी कोपरे जुळवून घडी केलेला,
माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाला,
"हा फाटला आता. दुसरा पाय."
तेवढंच. आणि खेळायला पळाला.

केसांचं तेल : बत्तीस.
सगळ्यात मोठा फरक,
आणि तरी उजवी बाजू कोरी.
कारण विचारू नका.
घरातल्या एका तरी बाटलीवर
माझी मर्जी चालू द्या.

महिन्याच्या शेवटी बेरीज केली :
दोनशे सत्तर वाचले.
त्यातून काळीपिवळीचं जाणं-येणं साठ वजा,
आणि मार्टच्या दारातच मांडून ठेवलेली
प्लास्टिकची गुलाबी चाळणी, पंचेचाळीस,
जी मला नको होती.

परवा बेबीताई वाटी घेऊन आल्या.
पाहुणे बसलेले, डाळ संपलेली.
"कोणत्या कंपनीची हाये व?"
"आपलीच," मी म्हटलं
आणि शिगोशीग भरून दिली.

आठवड्यानं वाटी परत आली, तशीच काठोकाठ.
"सोनहंसची आणली मी. पण खरं सांगू,
तुह्यावाल्या डाळीसारखी नाही शिजत व हे.
तुही डाळ दोन शिट्ट्यात लोणी होते."

मी मान डोलावली.
विचारावंसं वाटलं, पिशवीवर तारीख कोणती होती,
मंगळवारची असेल तर माझ्याच हातची शिवण.
पण त्या वरणाची चव अजून सांगत होत्या,
मधेच कशाला बोलायचं.

त्या गेल्यावर वाटी डब्यात उलटी केली.
मग वही काढली.
पेन उघडून बराच वेळ बसले.
ही वाटी रेघेच्या कोणत्या बाजूला लिहायची
ते काही ठरेना.