वाऱ्याचं बोट

इनाला वाचता येत नव्हतं,
म्हणून औषधाच्या डब्यावरचं मी वाचायचे.
तिसरीतलं वाचन, अक्षरावर बोट ठेवून.
मुंग्यांएवढी अक्षरं,
आणि वसाहतीचं जनित्र नऊला बंद व्हायचं.

"डोळ्यांत गेल्यास पंधरा मिनिटं
वाहत्या पाण्यानं धुवावे."
इना हसली. वाहतं पाणी!
आमच्याकडे टँकर यायचा मंगळवारी,
मंगळवार चुकला तर शुक्रवारी.
"डोळ्याला सांगते, थांब जरा म्हणून."

"रिकामा डबा पुन्हा वापरू नये."
इथं मी थांबले.
चुलीशेजारी निळा डबा होता.
त्यात पाणी होतं,
त्या पाण्यात आमचा उद्याचा भात.
इना म्हणाली, पुढचं वाच.

नियास बेटावरून बोटीनं सुमात्राला आलो
तेव्हा तिच्या पाठीवर मी होते.
मी उतरले, टाकी चढली.
पंधरा लिटर.
तेलताडाच्या रानात पुरुष वर बघतात, घड कापतात.
बायका खाली बघतात
आणि गवत मारतात.
हातमोजे वर्षाला एक जोडी,
फाटले तर बाईची चूक.
उजव्या हाताची नखं आधी पिवळी पडली,
मग सैल झाली.
एक हातमोज्यातच राहिलं.
तिनं हातमोजा उलटा करून झटकला
आणि परत घातला.

फवारणीच्या दिवशी प्रत्येकीला दुधाची पिशवी.
दुधानं विष उतरतं,
सुहेरी मुकादम सांगायचा
आणि सही घ्यायचा. अंगठा घ्यायचा.
इना ती पिशवी प्यायली नाही कधी.
पदर नव्हता तिला, लुंगीच्या घडीत लपवून आणायची.
माझी हाडं त्या दुधाची आहेत.
त्याचा भाव मला लिटरमध्ये ठाऊक आहे.

आजोबा समुद्रावर जायचे.
वारा बघायचा तर बोट तोंडात ओलं करून
वर धरायचं, हे इनाला त्यांच्याकडून आलेलं.
पण तिचं बोट आता तोंडात घालण्यासारखं नव्हतं.
तेही डब्यावर होतं.
तेही मीच वाचलेलं.

शाळेला सुट्टी होती,
मी तिच्यामागे रानात गेलेले.
झावळ्या सळसळत होत्या.
मुकादम म्हणाला, वाराबिरा काही नाही, चला.
इना म्हणाली, बोट दे.
मी बोट चोखलं, वर धरलं.
आतली बाजू गार लागली.
"आपल्याकडेच येतोय," मी म्हणाले.

इनानं टाकी उतरवली.
पोनियेमनं तिच्याकडे पाहिलं, उतरवली.
तिओरिदानं जरा वेळ लावला.
"एवढ्याशा पोरीच्या बोटावर?" मुकादम.
"माझी दहाही तपासा," इना म्हणाली
आणि हातमोजे काढले.

तो बघत राहिला नाही.
अर्ध्या दिवसाची मजुरी गेली तिघींची.
दूध मिळालं नाही.
तीनला वारा पडला,
टाक्या परत चढल्या.
यापलीकडे काही घडलं नाही त्या दिवशी.

आता मी जिल्ह्याच्या दवाखान्यात
रक्ताच्या नळ्यांवर चिठ्ठ्या डकवते.
नाव. वय. काम.
बाया विचारतात, काय लिहिलंस गं?
मी वाचून दाखवते,
अक्षरावर बोट ठेवून. सवय.

इनाची नखं आली परत, करंगळीचं सोडून.
रात्री तिला खोकला असतो.
परवा खोकला थांबल्यावर म्हणाली,
त्या डब्यावर अगदी शेवटी काय होतं गं?
तिथवर तू कधी पोचलीच नाहीस.

नऊ वाजायचे, मी म्हणाले.

खोटं.
तेवढीच ओळ मला पाठ होती.
"लहान मुलांपासून दूर ठेवावे."
ती वाचली असती
तर डब्याला टेकून, तुझ्या मांडीला मांडी लावून
तू मला बसू दिलं नसतंस.