उंबरठ्याची उंची

डंडी, फेब्रुवारी. चार वाजताच काळोख,
टे नदीवरचं धुकं तळघराच्या पायऱ्यांपर्यंत आलेलं.
काचेखाली दोन पट्ट्या, केसाहून बारीक,
मुद्दाम वाकवलेल्या,
दोघींना जोडणारा पूल त्याहून नाजूक.
प्रत्येकीला दोनच जागा: पोक वर, नाहीतर खाली.
मधलं सरळ उभं राहणं कुणालाच जमत नाही.

दुप्पट ढकललं की दुप्पट हलेल
असा हिशेब इथे चालत नाही.
बराच वेळ काहीच नाही,
मग एकदम सगळंच.

तीन आठवडे मी रेटा देतेय,
दर वीस सेकंदांनी एक, हलकासा,
जेवलास का, असं विचारावं तसा.
पट्टी ऐकते, कलते,
उंबरठ्यापाशी येते
आणि परत आपल्या खड्ड्यात जाऊन बसते.

"फार निवांत आहेत गं त्या," इशबेल म्हणाली.
एकोणतीस वर्षं याच तळघरात,
निळ्या स्वेटरचं कोपर उसवलेलं.
"थोडा गोंधळ सोड की."

गोंधळ म्हणजे उष्णता. कणाकणाची धुसफूस,
ना दिशा, ना हेतू.
आम्ही ती दाबायलाच शिकलो:
जाड भिंती, निर्वात पेटी, टेबलाला रबरी पाय.
आता तारेतून सोडायची बनावट ऊब.
तिनं बटण फिरवलं, मीठ घालावं तसं, अंदाजानं.

थोडं. काही नाही.
फार. दोघी अंगात आल्यासारख्या वरखाली,
माझा रेटा त्यात कुठे गेला कळेना.
मग बटण जरा मागे,
आणि पहिली पट्टी माप ओलांडून पलीकडे.
सात सेकंदांनी, पुलावरून धक्का झिरपत गेल्यावर,
दुसरी.
पुढच्या रेट्याला दोघी परत.
एखादी मात्रा चुकायची,
पण समेवर यायच्या.

इशबेलनं चहात बिस्किट बुडवलं, "हं" म्हणाली,
वहीत आकडा लिहिला.

घरी यदुनाथ आणि मी.
दोन खोल्या, मध्ये पातळ भिंत,
त्याचा खोकला इकडे येतो, माझा रेडिओ तिकडे जातो.
ऑगस्टपासून आम्ही भांडलेलो नाही.
आई फोनवर विचारते, मी सांगते, छान आहे, शांत आहे.

आज मी दार जरा जोरात लावलं.
पातेलं आपटलं, काही कारण नसताना. दोनदा.
नळ बंद केला
आणि ओल्या हातांनी तशीच उभी राहून
सेकंद मोजू लागले.