कारणे प्रतिज्ञापत्र

मिरजेत तहसील कचेरीसमोर
झेरॉक्स आणि टायपिंगची टपरी आहे माझी, बावीस वर्षं.
माणसं येतात ती बहुतेक नावाची भानगड घेऊन.

सुवार्ता आवळे नाइट ड्यूटीवरून थेट आली होती,
तळहातावर पेनानं कुणाचा तरी बीपी लिहिलेला.
जर्मनीला जायचं होतं.
भाषेची परीक्षा दुसऱ्या झटक्यात सुटली,
अडलं ते बापाच्या नावाशी.
शाळेच्या दाखल्यावर शामू.
बाप्तिस्म्याच्या वहीत शमुवेल.
पासपोर्टवर सॅम्युअल.
"काका, तिथली बाई विचारत्या, हे तिघं कोण?"

बाप बाहेर सायकलला टेकून उभा होता,
मिशनच्या दवाखान्यात तीस वर्षं भांडी उकळलेला,
तिघं मिळून एकच बिडी ओढत.

शंभराचा स्टॅम्प. ओळी मला पाठच आहेत:
मी खाली सही करणार, वय वर्षे सव्वीस, धंदा नोकरी, राहणार मिरज,
सत्यप्रतिज्ञेवर लिहून देते की
वरील तिन्ही नावे एकाच व्यक्तीची असून
ती मोठ्यानं वाचत होती
आणि देतेच्या जागी देतो म्हणत होती,
आमच्याकडच्या पोरी म्हणतात तसं.
"जर्मनमध्ये पण तो-ती-ते असतंय काका.
फक्त तिथं सूर्य ती."
"आणि मुलगी?"
"ते."
"मग काय येगळं," बाप बाहेरून म्हणाला,
"आमचं बी पोरगं तेच की."

पुढचं मी शामूकडून ऐकत गेलो.
हवालदार पडताळणीला आला, चहा प्याला,
शेजाऱ्यापाजाऱ्यांशी भांडण आहे का विचारून गेला.
चार वर्षांचं नर्सिंग तिथं अर्धंच मोजलं,
उरलेलं पुन्हा शिकली.
व्हिसा वाढला की तो सायकल लावून सांगायला यायचा:
एक वर्साचा मिळाला.
आता तीनचा.
आता म्हणं कायमचा.
"कायमचा व्हिसा असतोय व्हय?" मी विचारलं.
तो हसला नाही.

मग एकदा पिशवीतून तिचा जुना पासपोर्ट काढला.
तिकडचं मिळालं म्हणून हिकडचं परत केलं, म्हणाला.
रद्दचा शिक्का, आणि एक कोपरा कापलेला,
खुणेसाठी कोकराचा कान कापतात तसा.
"ठिवायचा का टाकायचा?"
मला दुसरं काही सुचेना.
लॅमिनेशन करून दिलं. पैसे घेतले नाहीत.

फेब्रुवारीत शामू गेला.
शमुवेल आणि सॅम्युअलही त्याच दिवशी.

ती आली. बेडगला बापाचे वीस गुंठे, त्यांची वारसनोंद.
तलाठ्यानं तिला आधीच ऐकवलं होतं:
शेतजमीन वारसानं आली तर राहील, विकत घेता येणार नाही.
मतदानही नाही.
"विकत काय घ्यायचंय मला," म्हणाली.
खुर्चीवर बसली नाही. तळहात कोरा होता.

मी टाइप करत गेलो.
राहणार लाइपझिग.
हल्ली मुक्काम मिरज.
राष्ट्रीयत्वापाशी माझी बोटं थांबली,
तिनंच सांगितलं, "लिहा की, जर्मन."
नाव मात्र तेच ना?
"तेच. पण तिथं झुवार्ता म्हणतात.
पहिली दोन वर्षं दुरुस्त केलं मी."

मग तेच जुनं प्रतिज्ञापत्र काढलं,
बापाच्या जागी आता ती:
रेशनकार्डावरील सुवार्ता शामू
आणि लाल पासपोर्टावरील सुवार्ता सॅम्युअल
या दोन्ही व्यक्ती भिन्न नसून
इथं ती वाचायची थांबली.
बाहेर बघितलं, सायकल लावायची तिथं.
मग पुढचं वाचलं: लिहून देतो.
मी देतेच ठेवलं. नोटरी हरकत घेतो.

"येतो काका," म्हणाली.
येतोच म्हणतात आमच्याकडं, कुठंही जाताना.

प्रिंटर जुना आहे, एक सांगितली तरी दोन प्रती काढतो.
दुसरी टेबलाच्या काचेखाली आहे अजून,
सही नसलेली.