चार बोटं

मामा तलावाचा लिलाव तीन वर्षांनी होतो,
माझ्या खेळाचा झाला परवा,
कवठाटोल्याच्या पंचायतीच्या ओट्यावर,
कारण नेटवर्क तेवढ्याच फरशीवर थांबतं.

पलीकडं पुण्याचे बहेकार सर.
आडनाव आमच्याकडचंच, बोलणं पार निघून गेलेलं.
म्हणाले, खेळ फुकट द्यायचा.
आलेल्याच्या हातात पाच जाळी द्यायची,
पाचही फाटतील अशी.
आणि सुई विकायची. नऊ रुपये.

मी म्हटलं, एकदाच घेऊ चाळीस रुपये,
मंडईतल्या नाटकासारखे,
एकदा आत आला की
पहाटेपर्यंत त्याला कोण उठवतं?

सर चांगले हसले. वाईट माणूस नाही.
"डिलेश्वरी, चाळीस कुणी देत नाही गं.
शंभरातले सत्त्याण्णव एक पैसा सोडत नाहीत,
दोघं देतात चिल्लर,
आणि एक असतो देवमासा.
सगळं घर त्याच्यावर चालतं."
बावीस लाख, वीस टक्के हिस्सा.
आधी पंधरा दिवस चालवून दाखव.

देवमासा.
बोडीत मी मरळ पाहिली, शिंगूर, डाडक,
काटा लागून सुजलेलं बोटही पाहिलं.
बा ला विचारलं. जाळं विणता विणता म्हणाला,
"तो समुद्रातला. त्याले सोसायटीत कोन घेते?"

अकराव्या दिवशी सापडला.
खेळाडू चारशे सतरा.
रात्री एक ते चार.
चारशे सत्तावन्न सुया,
चार हजार एकशे तेरा रुपये.
डोंग्याला नाव द्यायची सोय मीच ठेवली होती.
त्यानं ठेवलेलं नाव: रंजू.

रंजू सातवीपर्यंत माझ्या बाकावर होती.
सातवीपर्यंतच होती.

राइस मिलच्या फाटकाशी मंसाराम काका बसलेले,
कोंड्याचा ढीग मागं, मोबाईलची काच तडकलेली,
तोंडावर माझ्या तलावाचा उजेड.
"बाई, एक मोठी मासोळी आहे तुह्या पान्यात.
दिसते, पाठ दाखवते, अन् जाते.
आज घेतोच तिले."

ती मासोळी म्हणजे दोन ओळी आहेत, काका.
शेवटचं जाळं उरलं की पाठ दाखव.
आणि जा.
हे मी त्यांना सांगितलं नाही.
चहा पाजत होते, प्याले.

घरी बा जाळ्याच्या घरात बोटं घालून बघत होता.
चार बोटं गेली पाहिजेत, आडवी.
तीन गेली तर उसवायचं, रात्र झाली तरी.
"काहून एवढं?"
"बोटुकली सुटली पायजे ना.
साऱ्याच धरल्या तं पुढच्या साली
का पानी विकशीन?"

मी बसले.
महिन्याला पाच सुया, मग जाळं फाटणार नाही,
असं लिहिलं. एवढीशी ओळ.
तक्त्यातली कमाई जिन्यावरून पडल्यासारखी पडली.
तसाच पाठवला तक्ता सरांना.
उत्तर आलं: सोमवारी बोलू.
दोन सोमवार झाले.

त्या रात्री चारशे सतरा आला, एक वाजून सहा मिनिटांनी.
जाळं फाटलं नाही.
दोन वाजून दहाला मासोळी मिळाली त्याला.
मी इकडं जागी, आकडे बघत.
तो दहा मिनिटं तसाच थांबला,
काही दाबलं नाही, काही विकलं नाही,
मग बंद केलं.

पुन्हा आला नाही.

मला बरं वाटायला हवं होतं.
मिलवरून जाताना सायकल मी दुसऱ्या बाजूनं घेते.

डोंगा अजून आहे तिथं, पाण्याच्या मधोमध,
नावासकट.
पाणी राहावं म्हणून सर्व्हरचं भाडं लागतं,
महिन्याचे दोनशे चाळीस.
ते मी भरते.