शिसपेन्सिल

वैशाखात, ऊस तुटून रानं मोकळी झाली
की निंगाप्पा हेळवी यायचा बैलावरून.
आता बैल नाही. नेसरीपर्यंत एस.टी.,
पुढं पुतण्याच्या मोटारसायकलवर मागे.
पाय मात्र अजून घोंगडीत गुंडाळलेले
आणि काखेत तीच चोपडी.

सोप्यात टेकतो. आधी गूळ-पाणी.
मग चोपडी न उघडताच,
डोळे मिटून:
"शिंत्र्यांचं कूळ, मूळ ठाणं तोरगल,
तोरगलाहून हिरण्यकेशीच्या काठाला,
जोत्याजीचा सटवा, सटव्याचे तिघं,
थोरला विठू, मधला भैरू,
धाकला येसजी..."
इथं दर खेपेला आवाज जरा खाली येतो.
"येसजी उत्तरेस गेला. पुढं ठाऊक न्हाई."
आणि लगेच विठूच्या पोरांवर,
जसा माणूस निखळलेली पायरी
न बघताच ओलांडतो.

यंदा अण्णा म्हणाले, "थांब जरा."

अण्णा. निवृत्त सुभेदार. बोलणं रेशनचं.
बाडमेरला तीन उन्हाळे काढले त्यांनी
आणि आम्हाला सांगितलं एवढंच:
ऊन होतं.
बाकीचं आई सांगायची.
पत्र उघडलं की वाळू सांडायची म्हणे.
ती तिनं कुंकवाच्या रिकाम्या डबीत जमवलेली,
सगळी मिळून चमचाभर.

"त्र्याहत्तर साल," अण्णा म्हणाले.
"आठ दिवस रजा. घरी यायला तीन, जायला तीन.
म्हटलं, असू दे.
एक उंटवाला धरला. विचारत सुटलो,
दख्खनकडची माणसं हितं कुठं वसलीत काय.
बारा ते पाच उंट बी चालत न्हाई.
झाड न्हाई, भिंत न्हाई,
सावली म्हणशील तर आपलीच, पायाखाली वीतभर,
तिच्यात काय उभं ऱ्हाता येत न्हाई.
चौथ्या दिवशी वस्ती लागली. सात घरं,
पाण्याचं एक टाकं, टाक्याला कुलूप.
एक म्हातारा म्हणाला, आमचा मूळपुरुष दखणी.
नाव? नाव त्यांच्या भाटाच्या बहीत.
भाट गेलेला फलोदीला, लग्नाला.
थांबायला रजा न्हवती."

"मग?"

"मग काय. म्हातारीनं कुलूप काढलं,
लोटाभर पाणी दिलं.
आणि भाकरी थापताना, बाजरीची,
परातीच्या कडंचं पीठ
करंगळीनं गोल वढून घेतलं.
आमच्या आईवाणी."

निंगाप्पानं घाम पुसला.
"सुभेदार, पीठ सगळ्याच बायका वढत्यात."
"व्हय."
"नाव न्हाई, साक्ष न्हाई."
"न्हाई."
"मग लिहू काय?"

बाहेर कुणाचं तरी पाचट जळत होतं.
धुराची काळी कात्रणं तरंगत सोप्यात आली,
एक चोपडीवर बसलं. निंगाप्पानं फुंकलं नाही,
चिमटीत धरून हळू बाजूला ठेवलं.

"पाणी दिलं," अण्णा म्हणाले, "एवढं लिही."

त्यानं पेन खिशात ठेवलं,
पुतण्याकडून शिसपेन्सिल मागून घेतली.
"शाईला पुरावा लागतो," म्हणाला,
आणि येसजीच्या नावापुढं,
दीडशे वर्षं कोऱ्या असलेल्या जागेत,
मोडी वळणाची एक ओळ लिहिली.

मी मोजत होते.
जायला तीन, यायला तीन. उरले दोन.
त्र्याहत्तरच्या वैशाखात मी सहा महिन्यांची,
अण्णांनी अजून मला बघितलं नव्हतं.
आईला ही रजा ठाऊक होती का,
आता कुणाला विचारणार.
त्या चोपडीत अण्णांच्या नावाखाली
दोन्ही भावांची नावं आहेत, शाईनं.
माझं सासरच्या हेळव्याकडं असेल,
किंवा नसेल.

निंगाप्पानं दोन पायल्या जोंधळे मागितले,
अण्णांनी तीन घातले.
पोत्याचं तोंड मी धरलं होतं.

मोटारसायकल वळणाआड गेल्यावर
आत जाऊन लोटा भरला,
अण्णांच्या पुढं ठेवला.
काही बोलले नाहीत.
बराच वेळ नुसते
लोट्यातल्या पाण्याकडं बघत राहिले,
मग म्हणाले, "वैजू, बस की."