आजव्याची होडी

सुताराने टोचा खुपसला. सुकाणूपाशी लोणी.
कण्यात मात्र आत जाईना.
"सागनुं छे," इतकंच बोलला हिरजीभाई,
आणि आकडा सांगितला:
त्यात माझी स्कूटर दोनदा आली असती.

शीड उंदरांनी खाल्लेलं. डोलकाठीवर
दांडिया बाजारात वीस वर्षं आमचे कपडे वाळले.
काकाची आठवण वगैरे मी मध्ये आणत नव्हतो.
भंगारवाला फाटकाशी उभा.

"हिला पाण्यात नको. हिच्यात पाणी घाल,
कुठून जातं बघू."

नळीने भरली. अकरा ठिकाणी गळली,
तांब्यांच्या ओट्यापर्यंत ओघळ.

सकाळी मोजलं. सात.
फळ्या रात्रभर प्यायल्या होत्या,
फुगून एकमेकींना टेकल्या होत्या.

भंगारवाल्याला म्हटलं, उद्या ये.
नळी पुन्हा सोडली.